बाजारच्या पाटीतली पपई

मित्रांनो, जरा लांबच बसा. गंज चढला असला तरी माझ्या पात्याला अजून धार आहे, आणि मुलांच्या पायांची मला आता भीती वाटते. मी वसईच्या एका बागायतदार घरातली जुनी विळी. अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या लोहाराने मला घडवले, फणसाच्या पाटावर बसवले आणि टोकाला नारळ खवायचे दाते काढले. मालनच्या लग्नात तिच्या आईने मला रुखवतात मांडले होते. त्या दिवशी मी चांगलीच तोऱ्यात होते, हे कबूल करते.

मालनचा नवरा आत्माराम. त्यांची वाडी लहान, पण भरलेली. केळी, पपई, शेवगा, लाल माठ. रोज दुपारी मालन माझ्यावर बसून माठाच्या जुड्यांची देठे सारखी करी, आणि मग जुड्या, केळीचे घड, पपया सगळे बाजारच्या पाट्यांत जाई. घरात राहायचे ते किडके वांगे आणि फुटलेले केळे. चांगले ते बाजाराचे, असा त्या घराचा रिवाजच होता. उरलेल्या भाजीतही पहिला वाटा पुरुषांचा. मालन सगळ्यांच्या मागून जेवायला बसे. तिच्या ताटात भात, सुकटीचा रस्सा आणि कडेला मीठ. कोणी विचारले तर म्हणे, मला भाजी आवडतच नाही. धडधडीत खोटे! माठ चिरताना तिच्या तोंडाला सुटलेले पाणी मी पाहिले आहे.

तिची मुलगी प्रेमला सदा आईला चिकटलेली. बापाच्या पंगतीला ती कधी बसलीच नाही. आईच्या ताटात, आईच्या हातचा घास. आई जे खाई तेच ती खाई. एकदा आत्मारामने तिला माठाची भाजी वाढली, तर तिने ती बोटाने ताटाबाहेर सारली आणि मोठ्या माणसासारखे सांगितले, आम्हाला भाजी आवडत नाही. सगळे हसले. मालनही हसली.

तीन वर्षांची असताना तिने पाटीतल्या पिकल्या पपईकडे हात नेला होता. मालनने तो झटकला.

"हात नको लावू, बाय. बाजाराचं हाय ते."

हे पुढे इतक्या वेळा सांगितले गेले की पपई ही खायची वस्तू आहे, हे त्या पोरीला ठाऊकच राहिले नाही.

१९७६ साली प्रेमला पाच वर्षांची झाली, आणि तिन्हीसांजेला भिंत चाचपत चालू लागली. घरचे तिला धांदरट म्हणून चिडवत. एका संध्याकाळी पाट्या न्यायला माणूस आला, म्हणून मालन मला तशीच उभी सोडून उठली. एरवी ती मला कधी आडवी केल्याशिवाय उठत नसे. प्रेमला आली आणि सरळ माझ्यावर पडली. तिचा पाय चिरला गेला. मालनने आधी तिच्या पाठीत धपाटा घातला, डोळे फुटले का तुझे म्हणून ओरडली, आणि मग जखमेत हळद दाबली. मित्रांनो, मी त्या पोरीच्या अगदी समोर होते. तिला मी दिसलेच नव्हते. हे मला कळले होते, पण मी कोणाला आणि कसे सांगणार?

मग गावात गोवर आला. नऊ दिवस प्रेमलाला नुसत्या पेजेवर ठेवले. ताप उतरला, तेव्हा तिच्या डाव्या बुबुळावर दुधासारखी साय आली होती. शेजारच्या आळीत क्लारा नावाची नर्स राहत असे. तिला बोलावले. तिने पोरीचे डोळे पाहिले आणि विचारले, ही काय खाते?

मालन म्हणाली, "आमच्या वाडीत काय कमी हाय?"

"वाडीत काय आहे ते नाही विचारलं, मालन. ताटात काय आहे?"

मालनने सांगितले.  मग क्लाराने समजावले की पालेभाजी आणि पिवळी फळे पोटात गेली नाहीत म्हणून पोरीचे डोळे सुकत गेले, आधी अंधारात दिसेनासे झाले, आणि बाकीचे गोवराने केले. त्याच दिवशी प्रेमलाला इस्पितळात नेले. आठवड्याने ती परत आली. डावा डोळा गेला होता. उजवा वाचायचा तर औषधाबरोबर रोज माठ आणि पपई खाल्लीच पाहिजे, असे बजावून सांगितले होते.

वाडीतली सर्वांत चांगली पपई मालनने माझ्यावर कापली. प्रेमला तोंड उघडेना. मालनने गोंजारले, रागावली, मारले, बोटांनी जबडा उघडू पाहिला. पोर दात आवळून एकच म्हणत राहिली, बाजाराचं हाय ते.

औषध द्यायला आलेली क्लारा दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आधी तू खा. तिच्यासमोर बसून खा."

मालनने फोड उचलली. आधी तिने क्लाराच्या पाठीमागे पाहिले, घरचे कोणी बघत नाही ना म्हणून. आपल्याच वाडीचे फळ ती चोरासारखी खात होती, आणि खाता खाता रडत होती. प्रेमला एका डोळ्याने आईचे तोंड निरखत राहिली. दुसऱ्या फोडीला तिने स्वतःच तोंड उघडले. तिला शिकवायला एवढेच लागत होते. ते दोन वर्षे आधी झाले असते, तर!

उजवा डोळा वाचला. प्रेमला आता अठरा वर्षांची आहे. दोन स्थळे तिचा डोळा पाहून परत गेली. घरात ओटा आला, सुरी आली, आणि मी जिन्याखाली पडले आहे. मालन आता रोज मुलीबरोबर भाजी वाढून घेते, पण तिला ती गोड लागत असेल असे मला वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, आज जेवताना आईच्या ताटात काय आहे ते बघा. ती म्हणेल, मला आवडत नाही. तुम्ही ऐकू नका. तुमच्या ताटातली भाजी तिला वाढा, आणि ती खाईपर्यंत तिथून उठू नका.