भावोजींचा विमा

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. मागच्यांनो, तुम्हीही या, माझा आवाज आता बसका झाला आहे. आज एक गोष्ट सांगते. गोड नाही, पण खरी आहे.

मी एक जुनी मोटार आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा चारचौघींसारखीच होते. पण माझ्या मालकीणबाईंचे पाय लहानपणीच लुळे पडलेले. त्यांनी मला मिस्त्रीकडे नेऊन स्टिअरिंगखाली एक दांडा बसवून घेतला. ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. पायांचे कामच नाही. बाईंचे औषधांचे दुकान. ज्या म्हाताऱ्यांना जिना उतरवत नसे, त्यांच्या खिडकीखाली मी जाऊन उभी राहायचे. वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली यायची आणि बाई माझ्या काचेतून हात काढून तीत गोळ्या ठेवायच्या. देवाने बाईंना पाय म्हणून मला दिले, असेच मी समजत असे.

माझा विमा काढायचे भावोजी, म्हणजे बाईंच्या अक्काचे यजमान. ते विमा कंपनीचे एजंट. दर वर्षी यायचे, पुढच्या सीटवर ऐसपैस बसून शेंगदाणे खायचे आणि टरफले माझ्या पायपुसणीवर टाकायचे.

"तू फक्त सही कर गं. बाकीचं मी बघतो."

"भावोजी, या दांड्याचं कंपनीला कळवलंय ना?" बाईंनी एकदा विचारले.

"घरचा माणूस असताना कसली काळजी करतेस?"

झाले, बाईंनी सही केली. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला उलट कसे विचारायचे! मित्रांनो, याला मान म्हणत नाहीत, भीती म्हणतात. मला हॉर्न होता, पण तो दाबायलाही कुणीतरी लागते.

मग एका दुपारी वाऱ्याने कुणाच्या तरी गच्चीवरचा पत्रा उडाला आणि माझ्या तोंडावर आदळला. मी नुसती उभी होते! बॉनेट चेपले, रेडिएटर फुटला. कंपनीचा माणूस आला, आत डोकावला आणि म्हणाला, "हा बदल आम्हाला कधी कळवलाच नाही. भरपाई मिळणार नाही."

पत्रा पडला आभाळातून आणि दोष दांड्याचा! अजून आठवले तरी माझे इंजिन तापते. मी गॅरेजात पडून, बाई दुकानात अडकून, आणि तिकडे दम्याची एक आजी औषधावाचून तळमळत राहिली.

भावोजी गॅरेजात आले ते हसतच. "कळवलं असतं तर हप्ता वाढला असता. तुझ्याच भल्यासाठी केलं."

बाई माझ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "यंदा विमा दुसऱ्या कंपनीत नेते मी."

"घरचा सोडून परक्याकडे? चारचौघांत माझं नाक कापणार तू? अक्काला काय तोंड दाखवशील?"

आता बाई माघार घेणार, असे वाटून मी आतल्या आत पेटले. तेवढ्यात त्यांच्या मागोमाग येऊन दारात उभी राहिलेली अक्का पुढे आली.

"मला कशाला मध्ये ओढता? मी इथेच आहे की! तुमचं 'मी बघतो' ऐकता ऐकता माझे केस पिकले. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तोही अजून तुम्ही बघताच आहात." मग बहिणीकडे वळून म्हणाली, "तू जा गं दुसरीकडे. आणि दांड्याचं आधी सांग."

बाईंनी तसेच केले. दुरुस्ती पदरमोड करून केली. नव्या कंपनीची तपासनीस आली, तेव्हा तिने विचारण्याआधीच बाईंनी दांडा दाखवला, आधीची भरपाई नाकारली गेल्याचेही सांगितले. तिने दांडा स्वतः ओढून पाहिला, फोटो काढले. हप्ता थोडा वाढला. पण मी जशी आहे तशी पहिल्यांदाच विम्याच्या कागदावर लिहिली गेले.

मित्रांनो, गाडीला तेलपाणी घालता, काचा पुसता, चांगलेच करता. पण तिची खरी हकीकतही सांगत जा. आणि समोर नात्यातला माणूस बसला म्हणून न वाचता सही करू नका!

मी पुन्हा खिडक्यांखाली उभी राहते. भावोजी आता आमच्याकडे येत नाहीत, अक्कालाही येऊ देत नाहीत. ते घराबाहेर गेले की ती चोरून फोन करते. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा माझ्यासाठी काही मागू नका. त्या अक्काची आठवण ठेवा. खरे बोलून ती त्याच घरी परत गेली.