अर्ध्या जोडीतला उजवा

मित्रांनो, मी एक जुना नी-गार्ड आहे. मोटरसायकल चालवणारे पडल्यावर गुडघा फुटू नये म्हणून जे बांधतात, ते मी. त्यातही मी उजव्या गुडघ्याचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट झालं, ते या उजवेपणामुळेच झालं. आमच्या जातीची गोष्ट मऊ नसते. आम्ही मार खायलाच जन्माला येतो. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी खुशाल पान उलटावं, पण मग गाडीवरही बसू नये.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक ओतलं, वरून दाबयंत्र आदळलं आणि माझी पाठ तयार झाली. आत जाड फोम चिकटवला. मांडीसाठी एक आणि पोटरीसाठी एक असे दोन पट्टे शिवले. मग परीक्षा. ढिगातून कुणालाही उचलायचं, लोखंडी पायावर ठेवायचं आणि उंचावरून वजन सोडायचं. माझ्या शेजारच्याला उचललं. धाडकन आवाज झाला आणि त्याचा चुरा टोपलीत गेला. तो नीट फुटला, म्हणजे त्याने मार स्वतःवर घेतला, म्हणून आम्ही सगळे पास झालो. शाबासकी आम्हाला आणि टोपली त्याला, असा तो न्याय.

डावा माझा जुळा भाऊ. आम्हा दोघांना एकाच पिशवीत घालून एका दुकानाच्या भिंतीवर टांगलं. तिथे दोघी बहिणी आल्या. थोरली सडपातळ आणि कमी बोलणारी. धाकटी मात्र तोंडाचा पट्टा सुरू झाला की न थांबणारी. दोघी दातांच्या लॅबसाठी मोटरसायकलवरून डबे पोचवायच्या. दवाखान्यांतून प्लॅस्टरचे साचे लॅबमध्ये आणायचे आणि तयार कवळ्या दवाखान्यांत न्यायच्या. लॅबमधला त्यांचा एक सहकारी वळणावर घसरला होता आणि त्याच्या गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले होते. ते ऐकून दोघी आमच्या शोधात निघाल्या होत्या.

धाकटीने आल्याआल्या एक मऊ, पातळ गार्ड पायावर चढवला, दुकानात दोन येरझारा घातल्या आणि म्हणाली, "हाच द्या. बांधलाय असं वाटतसुद्धा नाही."

दुकानदाराने एका खोक्यावर मोटरसायकलची जुनी सीट ठोकून ठेवली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "इथे बसा. पाय गाडीवर ठेवता तसे ठेवा."

ती बसली, गुडघा वाकवला आणि तो मऊ गार्ड घसरून नडगीवर गेला. दुसरा मोठ्या मापाचा होता. तो पँटवरून छान बसला, पण दुकानदाराने हाताने जरा रेटल्याबरोबर फिरून पोटरीमागे गेला. "पडल्यावर रस्ता असाच रेटतो," तो म्हणाला. "गार्ड पोटरीमागे आणि गुडघा डांबरावर. मग काय उपयोग?" मग त्याने मला काढलं. माझे पट्टे आवळले, वाकवलं, रेटलं, पिळलं. मी जागचा हललो नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

पण त्या मापाची आमची एकच जोडी उरली होती. दुसरी यायला वेळ होता. इथेच त्या दोघींचं शहाणपण आडवं आलं. त्यांच्या घरी आईचा नियम होता, पेरू असो की धपाटे, दोघींना अर्धे अर्धे. एकीला काही मिळालं आणि दुसरीला नाही, असं त्या घरात कधी घडलंच नव्हतं.

"ताई, तू पडतेस तेव्हा डावीकडेच पडतेस," धाकटी म्हणाली. "तुझे सगळे व्रण बघ. मी आपली उजवीकडे. तू डावा घे, मला उजवा. नवीन माल आला की दुसरी जोडी घेऊ."

थोरलीने मान डोलावली. दुकानदाराने कपाळाला हात लावला. "अहो, गाडी काय तुम्हाला विचारून पडणार आहे?"

दोघी हसल्या. हसतहसतच त्यांनी आमची पिशवी फाडली आणि जुळ्यांची ताटातूट झाली. घरी आईने बघितलं आणि म्हणाली, "लोक गुडघ्याला बाशिंग बांधून बसतात. माझ्या पोरी हे बांधून बसल्या. तेही अर्धं अर्धं."

माझ्या नोकरीची पहिली परीक्षा लवकरच झाली. धाकटी भरधाव चालली होती. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कारचं दार अचानक उघडलं. कारवाल्याची अक्कल गुडघ्यात असावी, कारण त्याने मागे वळूनही बघितलं नाही. हँडल दाराला धडकलं, गाडी उजवीकडे आडवी झाली आणि मी डांबरावर आपटलो. सगळं ओझं माझ्यावर, गाडीचंही आणि तिचंही. मग फरफट. खडी माझी पाठ किसत होती, पट्टे करकरत होते, आणि आत तिचा गुडघा एवढासा होऊन मला चिकटून बसला होता. मी सोडलं नाही. मागचा डबा फुटला आणि कवळ्या रस्ताभर उधळल्या. एक म्हातारबाबा किंचाळले, "अरे देवा, पोरीचे सगळे दात पडले!" धाकटी उठून बसली आणि बत्तीस दात दाखवून हसायला लागली. तळवे सोललेले आणि कोपरातून रक्त, पण गुडघ्यावर ओरखडासुद्धा नाही.

त्या दिवसापासून माझा मान वाढला. लॅबमध्ये मला हातोहात फिरवलं. आईने ओल्या फडक्याने मला पुसलं. धाकटी मला "माझा वाघ" म्हणू लागली. पण मित्रांनो, मला एक गोष्ट कळली होती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं. त्या एका दणक्यात माझ्या आतला फोम चेपून मेला होता. बाहेरून नुसते ओरखडे, तेही शूर दिसावेत असे. आतून मी संपलो होतो. आमच्या जातीचं असंच असतं. मोठा मार आम्ही एकदाच झेलतो.

दुकानदाराचा फोन आला, नवीन माल आलाय म्हणून. "कशाला?" धाकटी म्हणाली. "आमचा वाघ आहे की." थोरलीनेही तेच म्हटलं. तिच्या डाव्याला तर अजून धूळसुद्धा लागली नव्हती.

मग तो दिवस आला. दोघींना एकाच दवाखान्यात जायचं होतं. थोरली पुढे, आम्ही मागे. समोरून एक टेम्पो आला आणि इशारा न देता मध्येच वळला. थोरलीने ब्रेक दाबला. रस्त्यावर बांधकामाची रेती सांडलेली होती. तिची गाडी घसरली आणि पडली ती उजवीकडे. थोरली आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडे पडली. गुडघा फुटपाथच्या कडेवर आपटला. तो आवाज मी ऐकला. कोरडी फांदी गुडघ्यावर ठेवून मोडावी, तसा. माझा भाऊ तिच्या डाव्या पायावर स्वच्छ, कोरा, आभाळाकडे तोंड करून पडला होता. आणि ज्या जागेवर मी असायला हवा होतो, तिथे पँट फाटून आतलं पांढरं हाड दिसत होतं. मी चार पावलांवर होतो. मित्रांनो, त्या चार पावलांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

धाकटीने गाडी टाकली. बहिणीकडे धावेल असं मला वाटलं, पण ती टेम्पोकडे धावली. ड्रायव्हर खाली उतरून "तीच अंगावर आली, तीच आली" असं ओरडत होता. धाकटीने त्याची कॉलर धरली आणि उजवा गुडघा त्याच्या पोटात घातला. म्हणजे मला घातलं. एकदा. तो वाकला तेव्हा तोंडावर. त्याचं नाक फुटल्याचं मला माझ्या पाठीवर जाणवलं. गरम रक्त माझ्या ओरखड्यांत भरलं. ती थांबेना. लोक तिला ओढत होते आणि ती मारत होती. मार अडवण्यासाठी केलेला मी, त्या दिवशी मारायला वापरला गेलो. आणि मागे फुटपाथपाशी कुणीतरी सारखं हाक मारत होतं. तिचं नाव घेऊन, हळू आवाजात. ते फक्त मला ऐकू येत होतं.

दवाखान्यात थोरलीच्या पायात सळई घातली. घरी आली तेव्हा तो पाय लाकडासारखा सरळ होता. तो पूर्ण वाकणार नाही, गाडी तर विसराच, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. धाकटी उशाशी बसून रडत म्हणाली, "त्याला मी सोडला नाही, ताई. नाक फोडलं त्याचं."

"तू त्याला मारत होतीस," थोरली म्हणाली, "आणि मी तुला हाका मारत होते."

 धाकटीने मला पायावरून ओरबाडून काढलं आणि भिंतीवर फेकलं. भिंतीचा पोपडा पडला. आई स्वयंपाकघराच्या दारात कपाळ बडवत उभी होती. "माझाच नियम," ती म्हणत होती. "अर्धं अर्धं करायला मीच शिकवलं गं."

पोट भरायचं तर गाडी चालवावीच लागणार. आईने माझ्या भावाचे कापलेले पट्टे पुन्हा शिवले. दवाखान्यात घाईने कात्री चालवली होती ना! आता धाकटी दोन्ही पायांवर आम्हा दोघांना बांधू लागली. भाऊ भेटल्याचा आनंद मला झाला, पण धास्ती त्याहून मोठी होती. ती आता रागाने गाडी चालवायची. टेम्पो दिसला की कट मारायची. एकदा आरसा फोडून आली, एकदा कुणाशी मारामारी करून ओठ फाडून आली. "मला काही होत नाही," ती आईला म्हणायची आणि माझ्यावर थाप मारायची. "वाघ आहे ना!" माझा जीव तुटायचा. तिचा सगळा भरवसा एका मेलेल्या वाघावर होता.

एके दुपारी तिने आम्हाला काढून पलंगावर टाकलं. थोरलीने मला उचललं. पडून पडून तिला सगळ्या गोष्टी निरखायची सवय लागली होती. तिने अंगठ्याने माझा फोम दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग तिने भावाचा दाबला. तो पटकन वर आला. तिने पुन्हा मला दाबलं. तिचा चेहरा उतरला.

"हा गेलाय," ती म्हणाली. "आईला सांगून नवीन जोडी मागवते."

"मुळीच नाही! याने मला वाचवलंय. हा लकी आहे."

"अगं, वाचवलं तेव्हाच मेला तो."

"उगाच काहीतरी बोलू नकोस, ताई. घरात पडून पडून तुला सगळीकडे मरणच दिसतं."

फारच लागलं ते.  थोरलीने मला आपल्या चांगल्या गुडघ्यावर, डाव्या, मजबूत बांधलं. पट्टे कचकन आवळले. मग शेजारची कुबडी दोन्ही हातांनी उचलली.

"ताई, काय करतेस?"

"बघ तुझा लकी."

आणि तिने सगळा जोर लावून कुबडी माझ्यावर हाणली. मित्रांनो, मी जीव तोडून अडवायला गेलो. पण अडवायला माझ्यात काही उरलंच नव्हतं. वार माझ्यातून आरपार गेला. थोरली किंचाळली. तिने दात खाऊन पुन्हा कुबडी उचलली. धाकटीने झडप घालून ती धरली. दोघींची ओढाताण झाली, थोरली पलंगावरून खाली आली, सळईचा पाय फरशीवर आपटला आणि घर हादरेल अशी ती ओरडली. तरी कुबडी सोडेना. "एकच पाय आहे मला," ती ओरडत होती, "तोही देते, पण तुझे दोन्ही राहू देत!"

धाकटीने माझे पट्टे सोडले. खाली तो चांगला गुडघा लालबुंद होऊन फुगत चालला होता. धाकटीने तो दोन्ही हातांत धरला, त्यावर कपाळ टेकलं आणि किती तरी वेळ ती "ताई, ताई" एवढंच म्हणत राहिली. दुकानदारापासून टेम्पोवाल्यापर्यंत कुणापुढे जिने कधी गुडघे टेकले नव्हते, ती फरशीवर बसली होती.

आईने बर्फ आणला, आणि तशीच चपला घालून दुकानात गेली. नवीन जोडी घेऊन आली. पिशवी न फाडता तिने ती सबंध धाकटीच्या ओटीत टाकली.

धाकटीने कात्री घेतली. माझे दोन्ही पट्टे तिने मुळापासून कापले, म्हणजे कचऱ्यातून उचलूनही कुणी मला बांधू नये. मग तिने माझ्या भावाला उचललं.

"तो चांगलाय गं," आई म्हणाली. "नुकताच शिवलाय."

"चांगलाय म्हणूनच," थोरली फरशीवरूनच म्हणाली. "एकटा घरात राहिला तर पुन्हा कुणीतरी एकच घालील. काप."

तिने कापला.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, टाकू नका. मी उलट मागणं मागतो. आम्हाला निवडताना उभं राहून नका बघू, गाडीवर बसता तसे बसून बघा. घ्याल तर दोन्ही पायांना घ्या. आणि एकदा आम्ही तुमच्यासाठी मोठा मार खाल्ला, की माया करू नका. कितीही शूर दिसलो तरी आम्हाला कापा आणि टाका. आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे, भावाच्या पाठीला पाठ लावून. बाहेर धाकटीची गाडी सुरू होतेय. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर आज अनोळखी पोरं आहेत, कोरी, फुगीर, जिवंत. त्यांच्या वाट्याला मार न येवो. आणि आलाच, तर टोपलीत गेलेल्या त्या माझ्या शेजाऱ्यासारखं त्यांनी नीट फुटावं.