उस्ताद मुबैरिकची सागवानी छाती

मी एक जुनी सागवानी छाती आहे. हो, छाती! बरगड्यांच्या बारा जोड्या आणि पुढे मधोमध छातीचे हाड, सगळे लाकडाचे. मित्रांनो, हसू नका. सूर बंदराच्या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्या तोडीचे दुसरे काही नाही.

माझा जन्म उस्ताद मुबैरिकच्या होड्या बांधण्याच्या आवारात झाला. त्याचा मुलगा हुमैद समुद्रात बुडाला, तेव्हा त्याला बाहेर काढून लोक त्याचे पोट चोळत बसले. छाती कुठे दाबायची हे एकालाही ठाऊक नव्हते, आणि पोरगा गेला. त्या सलानेच त्याची बहीण शम्सा परिचारिका झाली. किनाऱ्यावरच्या बायकांना शिकवायला तिने बापाकडे मला मागितले.

"चाळीस वर्षं होड्यांना बरगड्या बसवतोय, माणसाच्या काय अवघड?" उस्ताद म्हणाला. आणि त्याने चोवीसच्या चोवीस बरगड्या पुढच्या हाडाला घट्ट ठोकल्या.

शम्साने कपाळाला हात लावला. "बाबा, वरच्या सात जोड्याच थेट हाडाला लागतात. त्यांच्या खालच्या तीन आपापल्या वरचीला धरून असतात. शेवटच्या दोन तर मोकळ्याच!"

"मोकळ्या? लोक म्हणतील, मुबैरिक म्हातारा झाला, काम अर्धवट टाकतो!"

तिने त्याचाच अंगठा त्याच्या कुशीत रुतवला. बरगडीचे मोकळे टोक हाताला लागले. म्हाताऱ्याने दुसरी कूसही चाचपून पाहिली.

"म्हणजे अल्लानंच सोडल्यात होय? मग मी कोण ठोकणारा!"

त्याने खिळे उपटले. शेवटच्या चार बरगड्या आखूड केल्या. पुढे कूर्चेच्या, म्हणजे लवचीक मऊ हाडाच्या, जागी काथ्याची दोरी ओवली, जुन्या होड्या शिवतात तशी. आता मला दाबले की मी खाली जाई, सोडले की वर येई. काय कौतुक झाले माझे!

"टोकावर नको गं, रय्या! हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, मधोमध. जोरात!" शम्सा ओरडे.

"दाबतेय की! तुझ्या बाबांसारखीच ताठ आहे मेली," मासे विकणारी रय्या म्हणे. तिच्या हातांचा वास अजून माझ्या लाकडात आहे.

मग दोन वर्षे कोणी बुडाले नाही. बायका यायच्या थांबल्या. मी शम्साच्या दवाखान्यात कपाटावर धूळ खात पडले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

एके सकाळी रय्याच्या नवऱ्याची होडी उलटली. त्याला बाहेर काढून लोक पुन्हा पोटच चोळू लागले. "सरका बाजूला!" म्हणत रय्या गुडघ्यांवर बसली. ती दाबत राहिली, तोंडाने श्वास देत राहिली. अखेर तो खोकला.

दुपारी ती दवाखान्यात रडत आली. "शम्सा, माझ्या हातून त्यांची एक बरगडी मोडली गं!"

"मोडू दे, ती जुळते," दारातून उस्ताद म्हणाला. त्याने मला खाली काढले. "कुठे दाबलंस, दाखव."

रय्याने माझ्या हाडावर तळवा टेकवला. उस्तादने आपला हात तिच्या हातावर ठेवला.

"एवढीशीच जागा होती?" तो म्हणाला, आणि हुमैद गेल्यापासून पहिल्यांदाच ढसाढसा रडला.

मग डोळे पुसून तो माझी सैल झालेली दोरी आवळायला बसला. मित्रांनो, मी पुन्हा कपाटावर धूळ खात पडले तरी चालेल. पण ही जागा जाणत्या माणसाकडून आजच शिकून घ्या.