पुंजारामांची सायकल शर्यतीला जाते

घंटी सोडून जिचं सगळं वाजतं, अशी मी एक जुनी काळी सायकल आहे, मित्रांनो. मधे आडवा दांडा, मागे रुंद कॅरिअर आणि पुढे एक दिवा, जो लागत नाही. माझं वय विचारू नका. सातपूरच्या रस्त्याला झाडं होती, तेव्हापासून मी त्या रस्त्यावर आहे.

फिटरची नोकरी लागली तेव्हा पुंजारामांनी मला घरी आणलं. रोज कारखान्यात नेलं, आणलं आणि दर खंडेनवमीला न्हाऊ घालून कुंकू लावलं. दांड्यावर त्यांचा योगेश बसायचा, कॅरिअरवर यशोदाबाई. तिघांना घेऊन मी चढ चढायचे, तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा! पुढे घरात मोटरसायकल आली आणि मी जिन्याखाली गेले. मग एका वर्षी पुंजारामही गेले. माझ्यावर कांद्याच्या गोण्या टेकवल्या जाऊ लागल्या, आणि माझ्या चाकातली हवा कधी गेली ते कुणाला कळलंही नाही. भंगारवाला दोनदा विचारून गेला. दोन्ही वेळा यशोदाबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं.

आता योगेशच्या बायकोचं सांगते, कारण ही गोष्ट खरं तर तिचीच आहे. तिचं नाव संजना. ती शाळेत शिक्षिका. एका वर्षी धरणावर मोठी शर्यत होती. आधी पाण्यात पोहायचं, मग लगेच सायकल हाणायची आणि त्यावर पुन्हा पळायचं, अशी ती शर्यत. ट्रायथलॉन म्हणतात तिला. शाळेतर्फे संजना तिथे पाणी वाटायला गेली होती. तिच्याच वयाची एक बाई भिजलेल्या अंगाने सायकलवर बसून तिच्या समोरून गेली. संजना घरी आली ती तेच डोळ्यात घेऊन. जेवताना म्हणाली, पुढच्या वर्षी मी उतरणार. योगेशला वाटलं, ती भाजीबद्दल बोलतेय. त्याला दोनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गोण्या हलल्या. मला नवे टायर मिळाले, नवे ब्रेक मिळाले, साखळीला तेल मिळालं. घंटीचं मात्र सगळेच विसरले. रोज उजाडताना आम्ही त्र्यंबक रस्त्याने निघायचो. पहिल्या आठवड्यात संजनाला अशी धाप लागायची की मलाच दया यायची. हळूहळू ती धाप कमी झाली. शाळा सुटल्यावर ती पळायची, सुट्टीच्या दिवशी तरणतलावावर जायची.  सासूबाई भांडी जरा जोरात आदळत आणि मग डब्यात गुपचूप दोन लाडू जास्त ठेवत.

तलावात संजना चांगली पोहायला लागली. पण तलावाला तळ असतो, तळाला निळ्या फरशा असतात. धरणाचं तसं नाही. शर्यतवाल्यांनी सरावासाठी सगळ्यांना धरणाच्या पाण्यात नेलं, तेव्हा मी काठावर बाभळीला टेकून उभी होते. संजना थोडी आत गेली, तिने खाली पाहिलं आणि खाली काहीच दिसेना. तिचे हातपाय आखडले. होडीतल्या माणसांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. त्या दिवशी ती माझ्यावर बसली नाही. घरापर्यंत मला हातात धरून चालत आली. जिन्याखाली मला लावताना ती मलाच म्हणाली, "झालं आपलं."  एकदा का ती थांबली की माझ्याकडे पुन्हा गोण्याच येणार होत्या, हे मला ठाऊक होतं.

आठ दिवस ती पाण्याकडे फिरकली नाही. रविवारी सकाळी यशोदाबाई जिना उतरून आल्या. त्यांनी माझं कॅरिअर पदराने पुसलं आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, चल, मला धरणावर ने. इतक्या वर्षांनी त्या माझ्यावर बसल्या आणि मी सुखाने कुरकुरले. मागून योगेश मोटरसायकलवर ट्रकची फुगवलेली ट्यूब गळ्यात अडकवून येत होता. रस्त्याने लोक त्याच्याकडेच बघत होते.

मित्रांनो, पुढे जे मी पाहिलं, ते माझ्या अख्ख्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. यशोदाबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, चप्पल माझ्या पेडलपाशी काढली आणि त्या सरळ पाण्यात शिरल्या. गुडघा, कंबर, गळा. मग त्यांनी अंग सोडलं आणि त्या निघाल्या. ना हात आपटणं, ना फेस, ना आवाज. पाहता पाहता त्या इतक्या लांब गेल्या की त्यांचं पांढरं डोकं तेवढं दिसायचं. योगेश ट्यूब धरून तोंड उघडं टाकून उभा होता. आपल्या आईला पोहता येतं, हे त्या लेकाला माहीतच नव्हतं. आणि मला तरी कुठे होतं? वर्षानुवर्षं त्यांना पाठीवर वाहिलं मी.

त्या कळवणकडच्या. गिरणेच्या काठचं माहेर. पाठीला वाळका भोपळा बांधून बापाने त्यांना डोहात सोडलं होतं आणि एक दिवस न सांगता भोपळ्याची गाठ सोडून घेतली होती. लग्नानंतर शहरात आल्या, मग कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. हे सगळं त्यांनी गळाभर पाण्यात उभं राहून सुनेला सांगितलं. संजना काठावर गुडघ्याभोवती हात घालून बसली होती. "आई, खाली काळं दिसतं हो," ती म्हणाली, "तळच नाही त्याला."

"तळ कशाला पायजे तुला?" यशोदाबाई म्हणाल्या. "खालचं पाणी माशाचं हाय. आपलं वरचं हातभर. तेवढ्यापुरतं बघ आन ये."

संजना उठली. त्या दिवशी ती सासूच्या हातावर हात ठेवून पोहली. पुढच्या रविवारी सासू शेजारी होती, हात नव्हता. त्यानंतर सासू काठावर माझ्याजवळ बसून नुसती बघायला लागली.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी संजनाने कुंकवाचा करंडा आणून यशोदाबाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, सायकलची पूजा तुम्ही करायची. पुंजाराम गेल्यापासून त्या असल्या कामात मागे सरायच्या. हळदीकुंकवाला दुसऱ्या खोलीत जाऊन बसायच्या. आताही त्या मागे सरल्याच. संजना हलली नाही. मग त्यांनी करंडा उघडला. सवय मोडलेला हात, वर डोळे भरलेले. हँडलला लावलं, चाकांना लावलं, आणि सीटवर तर चिमटीऐवजी मूठच रिकामी झाली. कुणी पुसलं नाही. देवाचं कुंकू कोण पुसणार?

सकाळी धरणावर मला इतर सायकलींबरोबर दांडीला अडकवलं. त्या सगळ्या दोन बोटांनी उचलाव्यात अशा हलक्या. माझ्याकडे बघून त्या हसल्या नाहीत, पण बाजूला नक्कीच सरकल्या. भोंगा झाला. पाणी मला दिसत नव्हतं, नुसता कल्लोळ ऐकू येत होता. मग एकेक ओला माणूस धावत यायचा आणि आपली सायकल ओढून न्यायचा. माझ्या डावीकडची गेली, उजवीकडची गेली, सगळी रांग गेली. मी एकटीच उरले. कुंपणापलीकडे यशोदाबाई पदर तोंडात धरून उभ्या होत्या. योगेश जपमाळ ओढावी तसा टॉवेल हातात फिरवत होता. कुणीतरी विचारलं, होडी पाठवायची का? आणि मला जिन्याखालचा अंधार दिसायला लागला.

तेवढ्यात पाय वाजले. ओले, अनवाणी. संजनाचे होते ते. तळ नसलेलं सगळं पाणी कापून ती आपल्या पायांनी चालत माझ्यापर्यंत आली होती. मी आजवर पुष्कळ पाय पाहिले आहेत, पण त्या पायांपुढे माझं लोखंड नमलं.

तिने डोक्यावर हेल्मेट चढवलं, बूट घातले आणि भिजलेल्या कपड्यांनिशी ती सीटवर बसली. पुढे काय झालं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. कुंकू भिजलं. मांडीवरून, पोटरीवरून लाल ओघळ बुटापर्यंत उतरले. आम्ही जोरात निघालो होतो, द्राक्षबागा मागे पळत होत्या, आणि ते रक्त समजून वळणावरच्या एका स्वयंसेवक मुलीने शिट्टी फुंकली. डॉक्टरांना बोलावलं, अँब्युलन्सचं दार उघडलं. संजना सांगतेय की मला काही झालेलं नाही, पण ऐकतंय कोण? ठरलेल्या वेळेत सायकल परत आली नाही तर पळायला सोडत नाहीत, आणि वेळ तर निघून चालली होती. डॉक्टरीणबाई कापूस घेऊन वाकल्या, पुसलं, आणि थबकल्या. त्यांनी बोट नाकाशी नेलं. "कुंकू?"

"सासूबाईंनी पूजा केलीय," संजना म्हणाली. "पहिल्यांदाच केली इतक्या वर्षांनी. जाऊ द्या ना मला."

डॉक्टरीणबाईंनी कापूस खाली टाकला आणि हाताने रस्ता दाखवला.

त्या परतीच्या चढावर संजना सीटवर टेकलीच नाही. उभ्याने पेडल मारत गेली. मी कण् कण् वाजत होते, पण साखळी धरून ठेवली. दोरी आडवी लावायला एक माणूस पुढे झाला होता, त्याच्या हाताखालून आम्ही आत शिरलो. मग मला तिथेच टेकवून ती पळायला निघून गेली.

ती सगळ्यांच्या मागून पोचली, पण पोचली. कमान उतरवायला आलेले लोकही टाळ्या वाजवत थांबले होते. यशोदाबाईंनी लेकीसारखं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

सगळे पांगल्यावर योगेश मला मोकळं करायला आला. संजना पाय धुऊन येते म्हणून पाण्याकडे गेली, ती परत येईना. आम्ही दोघं काठावर गेलो. ती दूरवर, काळ्या पाण्यावर पाठीवर पडून आभाळाकडे बघत होती. ना घड्याळ, ना होडी, ना कुणाची घाई. काठावर यशोदाबाई काष्टा खोचत होत्या.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली कुणीतरी माझ्यासारखं गोण्यांच्या आड उभं असेल. त्याच्या चाकात हवा भरा. आणि घरात जे म्हातारं माणूस गप्प बसलेलं असेल ना, त्याच्यापाशी जाऊन विचारा, तुम्हाला काय काय येतं म्हणून. आम्ही आपणहून कधी सांगत नाही.