सायलेन्सरची बाई

किन्शासाची मोठी कलादालनं शिल्पकार ओडेटला दारातूनच परत पाठवायची. म्हणून तिने न्गिरी-न्गिरी वस्तीतल्या एका बंद गॅरेजात स्वतःचं दालन काढलं. बघायला सहसा कुणी फिरकायचं नाही. कुणी आलंच तर पंक्चर काढून मिळेल का, हे विचारायला. पुढे मालकाने जागा परत घेतली. तिने गाड्यांचे सायलेन्सर जोडून केलेली उंच बाई हलवणं कुणाला झेपेना, ती तिथेच राहिली.

आता ओडेटचं दालन बिअरच्या जुन्या गोदामात होतं. शहरातल्या असल्या आडवाटेच्या दालनांचा इतिहास प्रदर्शनात मांडायचा, तर ती बाई हवीच, म्हणून ओडेट त्या जुन्या गॅरेजात गेली. तिथे आता चर्च भरत होतं, प्रार्थना चालली होती. बाईच्या अंगावर पांढरी जाळी होती आणि लोक रांगेने तिला हात लावत होते.

"पास्टरसाहेब, ही मी केलेली आहे," ओडेट म्हणाली.

"देवाने तुमच्याकडून करून घेतली, ताई," किबुंगु पास्टर म्हणाले. "हिच्या डोक्यावरचा पाइप बेल्जियमकडे बघतो. हात लावला की व्हिसा मिळतो."

"कुणाला मिळाला?"

"अजून कुणाला नाही. पण नकार फार गोड शब्दांत येतात."

"मला ती न्यायचीय."

"उचलता आली तर न्या," पास्टर म्हणाले आणि फसले. भक्तांनीच गात गात बाई खांद्यावर घेतली, गोदामात नेऊन ठेवली आणि तिथेच बसले. दम खाऊन जातील, असं ओडेटला वाटलं. संध्याकाळी बाकं आली, मग ढोल, मग स्वतः पास्टर.

रविवारी तिने इतिहास सांगायला तोंड उघडलं.

"इथलं वेल्डिंग मला नीट जमलं नव्हतं."

"आमेन," सगळं गोदाम म्हणालं.

इतकं मन लावून तिचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. पण गोदामात चित्रं लावलेले बाकीचे कलाकार वैतागले. त्यांच्या चित्रांवर लोक कोट अडकवत होते. शेवटी ओडेटसकट सगळ्यांनी आपापली कामं गुंडाळली आणि रिकाम्या पडलेल्या गॅरेजात नेऊन मांडली.

तिथे पहिले आले ते किबुंगु पास्टरच. सगळीकडे फिरून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, यातलं संततीसाठी काही आहे का?"

"नाही. यातलं काहीच कशाला लागू पडत नाही."

"काहीच नाही?"

"अगदी काहीच नाही."

पास्टर खट्टू झाले. मग एका चित्रासमोर स्टूल ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून निवांत बघत बसले. त्यांना शोधत ढोलवाले गल्लीत शिरले, तेव्हा ओडेटने आतून कडी लावून घेतली.