हातात न आलेले नव्वद हजार

सकाळी दहाला करवाले काका नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसले. लोकांचे कर भरून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. समोर दोन खुर्च्या होत्या, पण खिडकीजवळच्या खुर्चीवर ते कुणाला बसू देत नसत. ती चिमीची, त्यांच्या लेकीची. तिला जाऊन आठ महिने झाले, तरी दार वाजलं की काका आधी त्या खुर्चीकडे बघत.

आज आलेली मुलगी नेमकी तिथेच बसली. चिमीच्याच कंपनीच्या प्रयोगशाळेतली, डोळ्यांखाली काळं, सलग दोन पाळ्या करून आलेली.

"काका, सोडावंसं वाटतंय. पण नोकरी न सोडण्याच्या बॉन्डला चार महिने बाकी आहेत. आधी सोडलं तर रुजू होताना दिलेला बोनस परत मागतात. थांबू का?"

याच खुर्चीतून, याच शब्दांत चिमीने विचारलं होतं.

तरी सवय कुठली सुटायला! पेन्सिल आपोआप चालू लागली. "बोनस तीन लाख. कर कापून हातात आले दोन लाख दहा. परत मात्र पुरे तीन करायचे. वरचे नव्वद हजार तू पाहिलेही नाहीस. कर गेल्या वर्षीच सरकारात जमा झाला, तो परत सोडवायला खेटे घालावे लागतील, आणि सुटेलच असं नाही. त्यापेक्षा चार महिने..."

"अहो!" स्वयंपाकघरातून काकू आल्या, पिठाच्या हातांनीच. "पुन्हा तेच सांगताय? आपल्या पोरीलाही हेच सांगितलंत तुम्ही. नव्वद हजार वाचवले, आणि ती दुहेरी पाळी करून घरी येताना चालत्या स्कूटरवर झोपली. उठलीच नाही."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी खण उघडून कंपनीचं एक पत्र मुलीपुढे ठेवलं. चिमीच्या तेराव्याच्या दिवशी आलेलं: कराराची मुदत अपुरी राहिल्याने करासह संपूर्ण तीन लाख भरावेत.

"मेलेल्या माणसाकडून?" मुलगी पुटपुटली.

वाचकहो, याला आपण नोकरीची अट म्हणतो. आजोबांच्या काळी याला वेठबिगारी म्हणत. आणि आपण शहाणे आईबाप पोरांना सांगतो, 'काढ गं थोडे दिवस.' जनाची नाही तर मनाची तरी!

"सोड," काका म्हणाले. "आजच राजीनामा दे. हातात आले तेवढेच परत करायचे. कर ज्याने कापला, त्याने तो सोडवून आणावा. नाही ऐकलं, तर कोर्टात मी तुझ्या पाठीशी उभा राहतो. फी नको."

"हरलो तर, काका?"

"तर नव्वद हजार जातील. एवढेच जातील."

त्यांनी मुलीच्या वतीने कंपनीला पत्र लिहिलं. खाली एरवी ते शिक्का मारत. आज शिक्का बाजूला सारून त्यांनी सही केली, आणि सहीखाली लिहिलं: चिमीचा बाप.