राजकन्येच्या चादरी

युद्ध पेटलं आणि राजाच्या कुटुंबाच्या झोपेचा ठिकाणा राहिला नाही. कधी नदीकाठचा राजवाडा, कधी टेकडीवरचा बंगला. ज्या घरात ते नसत, तिथं त्यांच्यासारखी दिसणारी माणसं दिवेलागणीला खिडक्यांपाशी फिरवायची, म्हणजे शत्रूचे हेर फसतील आणि बॉम्ब भलत्याच डोक्यावर पडतील. ते भलतं डोकं कुणाचं, हे कुणी बोलत नसे. राजकन्येच्या चणीची मुलगी हवी होती, ती सापडली शयनगृह सांभाळणाऱ्या मावशींच्या घरात. त्यांची एकुलती एक लेक. राजवाड्यात विनंतीच करतात म्हणा, फक्त उत्तर आधी ठरलेलं असतं.

राजकन्येला कोरी चादर टोचायची. म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरींचा पेटारा घेऊन मावशी रोज गाडीतून त्या रात्रीच्या घरी जात. त्यामुळे कुटुंब कुठं निजणार हे त्यांना कळे, आणि लेक कुठं उभी राहणार हेही. हात राजकन्येची उशी थोपटत असत, पण जीव दुसऱ्या घरी टांगणीला लागलेला असे.

त्या संध्याकाळी पेटारा नदीकाठी जायचा होता. टेकडीवर लेक तापाने फणफणलेली. तरीही ती राजकन्येचा कोट चढवून खिडकीत उभी राहणार आणि मग खळ घातलेल्या कडक चादरीवर पडणार. मावशींना ते सोसवेना. त्यांनी गाडीवाल्याला आधी टेकडीवर घ्यायला सांगितलं. तो कुरकुरला, पण मावशींपुढे त्याचं काय चालणार!

चादरींचा एक जोड घेऊन त्या उतरल्या, तोच मागून फाटकात राजाची मोटार शिरली. घराचं नाव कुणाच्या तोंडून फुटू नये म्हणून मोटारीने मुकाट चादरींच्या गाडीमागे जायचं, असा हुकूम होता. तो मावशींना सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

बंदोबस्ताच्या साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या घरावर बॉम्ब ओढवून घ्यायचे त्याच घरात राजा, आणि अंधार पडल्यावर पुन्हा रस्त्यावर काढायची सोय नाही.

"सकाळी तुमच्याकडे बघतो," ते दात खाऊन म्हणाले.

मावशींनी राजकन्येचा बिछाना घातला, मग मागच्या खोलीत जाऊन लेकीचा. तिच्या कपाळावर हात ठेवून त्या विमानांचा आवाज ऐकत बसल्या.

विमानं आली, ती थेट नदीकडे वळली. कुणीतरी फितूर झालं होतं. तिथले नोकरचाकर तळघरात होते म्हणून बचावले. राजाचं शयनगृह मात्र जमीनदोस्त झालं.

युद्ध संपलं, राजवाडा पुन्हा उभा राहिला. मावशींना म्हणे आधीच कुणकुण लागली होती, ही गोष्ट साहेबच तिखटमीठ लावून सांगू लागले. मावशींना पदक जाहीर झालं. राणीसाहेबांनी ते स्वतःच्या हाताने त्यांच्या पदराला लावलं आणि मायेने विचारलं, "तुम्हाला कळलं कसं हो?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मावशींना त्या गोष्टीचा वीट आला होता.

"कळलं काहीच नव्हतं, राणीसाहेब. माझ्या मुलीला ताप होता. तिला मऊ चादर द्यायला गेले होते."

"तुमची मुलगी?" राणीसाहेब गोंधळल्या. "ती तिथं काय करत होती?"

पदकांचं तबक धरून लेक त्यांच्या शेजारीच उभी होती.